वाजंत्री कशासाठी?

आमच्या धाकटीचं लग्न ठरलं आणि घरात पहिलं भांडण झालं ते दागिन्यांवरून नव्हे, मानपानावरून नव्हे, जेवणाच्या वेळेवरूनही नव्हे. जेवणाचा प्रश्न सासूबाईंनी एका वाक्यात मिटवून टाकला होता. "दिवस मावळल्यावर मी तोंडात पाणीसुद्धा घालणार नाही, तुमचं रिसेप्शन कधी ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा." म्हणून अक्षता सकाळी, रिसेप्शन दुपारी चारला आणि दिवस मावळायच्या आत पाठवणी, असं ठरलं. भांडण झालं ते वाजवायचं काय, यावरून.

लेक बंगळूरला नोकरी करते. तिनं फोनवर यादीच करून पाठवली. "आई, गाणी नकोत हं. गाण्यात शब्द असतात आणि शब्द असले की कुणीतरी अर्थ लावत बसतं." हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या एका पुतण्याच्या रिसेप्शनला नवरा-नवरी स्टेजवर चढत असताना ऑर्केस्ट्रावाल्यानं डोळे मिटून विरहाचं गाणं म्हटलं होतं, आणि नवरीच्या मामीनं ते वर्षभर मनात धरलं. म्हणून हिनं नुसत्या धुनी निवडल्या. सिनेमाची पार्श्वसंगीतं. शब्द नाहीत म्हणजे वाद नाही, असा तिचा हिशेब.

हिशेब पहिल्याच संध्याकाळी चुकला. यादीत पाहुणे येताना 'पथेर पांचाली'तली रविशंकरांची सतार होती. नवरदेवासाठी 'बाहुबली'. ती स्वतः मांडवात येताना 'सैराट'मधली वाद्यवृंदाची धून. रिसेप्शनला 'टायटॅनिक' आणि 'गॉडफादर'मधला वॉल्ट्झ. पाठवणीला रेहमानची 'बॉम्बे'ची बासरी.

"टायटॅनिक?" जाऊबाई म्हणाल्या, "अगं, जहाज बुडतंय त्यात! पोरीच्या संसाराला ते कशाला?" 'बॉम्बे' म्हटल्यावर कुणीतरी आठवण करून दिली की ती दंगलीची कथा आहे. 'गॉडफादर' फक्त आमच्या मोठ्या जावयांनी पाहिला होता. ते म्हणाले, "त्यात लग्न आहे की सुरुवातीला." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे बाहेर मांडवात बँड वाजतोय आणि आत खोलीत, दार लावून, कुणाला कसं धडा शिकवायचं ते ठरतंय." सगळे हसले. मी हसले नाही. आमच्या कितीतरी लग्नांत बाहेर सनई-चौघडा आणि आत दार लावून तोळ्यांचा हिशेब, हे मी पाहिलेलं आहे. तुम्हीही पाहिलं असेल. ती धून आपल्याकडं इतकी परकी नाही.

लेकीनं मात्र वकिलासारखी बाजू मांडली. इंग्रजी पद्धतीच्या लग्नात नवरीच्या प्रवेशाला जी धून जगभर वाजते ती वाग्नरच्या 'लोहेनग्रीन' या 1850 सालच्या ऑपेरातली आहे, आणि त्या ऑपेरातलं लग्न त्याच रात्री मोडतं. तरी 1858 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात ती वाजली आणि तेव्हापासून लोक वाजवतच आहेत. "त्यांचे सगळ्यांचे संसार मोडले का? धून कथा विसरते, आई."

धून कथा विसरते का? मी त्या रात्री याच्यावर बराच वेळ जागी होते. तुम्ही म्हणाल, लग्नघरात बाईला एवढा वेळ मिळतो का? मिळतो. तांदूळ निवडताना, वाटली डाळ परतताना डोकं मोकळंच असतं.

दशलक्षण पर्वात आम्ही बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. पाचव्या दिवशी पाचवा अध्याय, अजीवाचा. त्यात शब्द म्हणजे ध्वनी हा पुद्गलाचा पर्याय सांगितला आहे. दुसऱ्या काही दर्शनांनी ध्वनीला आकाशाचा गुण मानलं, पण आपल्याकडं तो जड द्रव्याचाच एक प्रकार. माती, सावली, ऊन यांच्याच पंक्तीतला. लहानपणी मला हे फार कोरडं वाटायचं. आता त्याचा आधार वाटतो. सनईचा सूर स्वतः मंगलही नाही आणि अमंगलही नाही. हलला, कानावर आदळला, विरला. मंगल-अमंगल जे काही आहे ते ऐकणाऱ्याच्या भावात. इथपर्यंत लेकीचं बरोबर.

पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात निक्षेप सांगितलेत: नाम, स्थापना, द्रव्य, भाव. दगड हा दगडच, पण त्यात एकदा स्थापना केली की आपण त्याला पाय लावत नाही. धुनीतही अशी स्थापना होते. सिनेमावाला एक करतो, आपण घरात दुसरी करतो. माझ्या मैत्रिणीच्या घरी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला सगळे ताटावर येतात. ती शिट्टी ऐकली की मलासुद्धा भूक लागते. धून कथा विसरते हे खरं, पण माणूस तिच्यात ठेवलेलं विसरत नाही. माझा प्रश्न त्यामुळं सुटला नाही, वाढला.

आणि खरं भांडण तर 'सैराट'वरून व्हायचं होतं. दीर म्हणाले, "दुसरं काय पण ठेव, ते नको. आपल्या लग्नात तसली कथा कशाला?" हेच दीर त्या पुतण्याच्या वरातीत 'झिंगाट'वर अर्धा तास नाचले होते, डोक्याला रुमाल बांधून. लेकीनं शांतपणे तेवढं सांगितलं. "ते गाणं वेगळं," दीर म्हणाले. वेगळं कसलं! 2016 साली तो सिनेमा आला आणि आमच्या सीमाभागात एक वरात त्या गाण्याशिवाय गेली नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला आणि तिच्या नवऱ्याला मारून टाकतात, ती ही कथा. आणि तिच्या सुरावर नाचणारे आम्ही कोण? ज्यांच्या घरात चतुर्थ-पंचम करता करता पत्रिका जुळवायच्या, ते.

रात्री लेकीचा फोन आला. "आई, ती धून मी काढते. माझं काही अडलं नाही. पण मग मोठ्या मावशीला आपण लग्नांना का बोलवत नाही, ते मला सांग. आणि धून ठेवायची असेल तर मावशी आणि काका पहिल्या रांगेत बसतील. दोन्हीपैकी एक."

मी म्हटलं, "झोप आता."

माझी आक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी आठवीत असताना तिनं एका शाळामास्तराशी लग्न केलं. माणूस सज्जन, पण दुसऱ्या जातीचा. आमचं गाव चिकोडीकडचं. पहाटे ती चिठ्ठी ठेवून गेली. अव्वा साडेपाचला उठली, चुलीजवळ चिठ्ठी, आणि ती जी रडायला लागली तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही, अगदी मयताच्या घरीसुद्धा. आप्पा पडवीत उभे होते. शेजारी जागे होत होते. आप्पा मला म्हणाले, "रेडिओ मोठा कर."

मी केला. आकाशवाणीची ओळखीची धून, मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी. सनई. बटण शेवटपर्यंत फिरवलं. रेडिओचा पत्रा थरथरत होता आणि अव्वाचं तोंड उघडं दिसत होतं, आवाज येत नव्हता. शेजारणीनं नंतर विचारलं, "काय गं, आज रेडिओ मोठा?" मी म्हटलं, "बिघडलाय."

आप्पा असेपर्यंत आक्का घरी आली नाही. ते गेल्यावर आली, दहाव्याला. तेव्हापासून एक विचित्र नियम होऊन बसला. कुणी ठरवला नाही, पण सगळे पाळतात. आक्काला दुःखाला बोलवायचं, सुखाला नाही. आजारपण असलं की ती येते, रात्र रात्र उशाशी बसते. लग्नाची पत्रिका मात्र तिला टपालानं जाते आणि उशिरा पोहोचते. माझ्या थोरलीच्या लग्नाची पत्रिकाही तशीच गेली होती. ती मीच पेटीत टाकली होती आणि कधी टाकली ते मला माहीत आहे.

आमच्याकडं पहिली पत्रिका देवाला. बेळगावात राहणारे आम्ही किल्ल्यातल्या कमल बस्तीत जातो. 1204 सालचं देऊळ, वर छताला दगडात कोरलेलं ते मोठं कमळ, आत काळ्या पाषाणाचे नेमिनाथ. पत्रिका ठेवून मी खाली बसले आणि मला एकदम वाटलं, अगं बाई, लग्नाची पत्रिका आपण कुणापुढं ठेवतोय? लग्नाच्या मांडवाशी येऊन परत फिरलेल्या नवरदेवापुढं!

नेमिकुमारांची कथा आपल्याला पाळण्यातच मिळते, त्यामुळं ती आपण कधी नीट ऐकत नाही. वरात निघालेली आहे. नगारे, तुताऱ्या, सगळा गजर आहे. आणि त्या गजरातून त्यांना वाटेवर कोंडलेल्या जनावरांचं ओरडणं ऐकू येतं. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती धरून ठेवलेली. सारथ्याला विचारतात, रथ फिरवतात, गिरनारला जातात. आपण यात दया पाहतो, वैराग्य पाहतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट घडलेली असते. त्यांना ऐकू आलेलं असतं. वरातीत शेकडो माणसं होती, कान सगळ्यांना होते. वाजंत्र्यांनी बाकी सगळ्यांपुरतं आपलं काम चोख केलं होतं.

(राजुलचं मला नेहमी वाईट वाटतं. मेंदी लावून झरोक्यात बसलेली. तिला काय ऐकू आलं असेल? वाजंत्री थांबल्याचं.)

वाजंत्र्यांचं काम काय, हे आमच्या भागातल्या कन्नड घरांत उघड सांगतात. मंगळसूत्र बांधायच्या क्षणी 'गट्टीमेळ' म्हणून एकदम सगळी वाद्यं जोरात वाजवतात. का? तर त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचं रडणं, कसलाही अशुभ आवाज वधूवरांच्या कानी पडू नये. आपल्याकडंही शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला की एकच गलका होतो. म्हणजे लग्नाच्या संगीताचं मूळ काम झाकायचं आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. एखादा क्षण झाकून घ्यावा, हे मायेचंही असतं. पण आप्पांनी मला सांगितलं तेही तेच काम होतं, आणि तेव्हाही मंगलध्वनीच वाजत होता.

मग लेकीच्या यादीतल्या पहिल्याच नावानं मला उलटी बाजू दाखवली. 'पथेर पांचाली' मी फार पूर्वी फिल्म सोसायटीत पाहिला होता. त्यात दुर्गा गेलेली असते आणि बापाला माहीत नसतं. तो परगावाहून येतो, तिच्यासाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो, आणि ती आई कोसळते. तिथं सत्यजित राय यांनी तिचा आक्रोश काढून टाकला आहे. तोंड उघडं दिसतं, आवाज येत नाही. त्या जागी वाजते ती दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई. (ही सनई नव्हे, गजानं वाजवायचं तंतुवाद्य, पण सूर सनईच्या जवळचा, म्हणून ते नाव.) तो सूर कानात शिरला आणि मी थिएटरात ओक्साबोक्शी रडले होते. का रडले ते तेव्हा कळलं नव्हतं. आईचं उघडं तोंड आणि वर सनईसारखा सूर, हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

दोन्ही ठिकाणी रडणाऱ्या आईचा आवाज काढून घेऊन वर संगीत ठेवलं. एका ठिकाणी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दुसऱ्या ठिकाणी, सगळ्या जगाला कळावं म्हणून. सूर तसाच, कृतीही तशीच. मग पाप-पुण्य कुठं राहिलं? आपण द्रव्यहिंसा आणि भावहिंसा वेगळी धरतो. इथं संगीताचंही तसंच करावं लागेल असं मला वाटतं. यादीतल्या कुठल्या धुनीच्या कथेत कोण मेलं, हे शोधत बसणं मला तेव्हापासून पोरखेळ वाटू लागलं. विचारायचं ते हे की या धुनीखाली आपण काय ऐकायचं टाळतोय. दीर 'सैराट'ला घाबरत होते ते कथेसाठी नाही. धून नुसती असली की त्यावर नाचता येत नाही, बसून ऐकावी लागते.

मी धारवाडला गेले. टपाल नाही, हातात पत्रिका, ओंजळीत अक्षता. आक्कानं दार उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं?" तिनं विचारलं. तिच्या दारात मी आले म्हणजे कुणीतरी गेलंच असणार.

चहा झाल्यावर मी तिला रेडिओचं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिली गाडी सव्वासहाची होती. मी कोपऱ्यावरच्या पिंपळामागं उभी होते. आपल्या घरातून सनई ऐकू येत होती, मोठ्यानं. मला वाटलं, चिठ्ठी वाचली असणार आणि... कुणी रडलं नाही. नेहमीसारखा रेडिओ लावला. मी म्हटलं, बरं झालं, सुटले सगळे. नाहीतर मी परत फिरले असते गं, निदान अव्वाच्या पाया पडायला."

मला वाटत होतं, मी शेजाऱ्यांपासून झाकलं. मी तर तिच्यापासून झाकलं होतं. अव्वा जाईपर्यंत आक्का हेच धरून चालली होती की आपल्यासाठी घरात कुणी रडलं नाही. अव्वाही कधी बोलली नाही. आजारपणात आक्का उशाशी बसायची तेव्हा दोघी मायलेकी औषधाच्या वेळा तेवढ्या बोलायच्या.

धुनीचं विचारलं तेव्हा मास्तर हसले. "मला तो पिक्चर आवडला होता," म्हणाले, "पण शेवटी आवाज बंद करतात ना, ते जास्त आवडलं." खरंच आहे. अजय-अतुल यांनी हॉलीवूडला जाऊन, तिथला मोठा वाद्यवृंद घेऊन ज्या सिनेमाचं संगीत केलं, त्या सिनेमाच्या अखेरीला ते लहान मूल चालत जातं तेव्हा काही म्हणजे काही वाजत नाही. तिथं काही वाजवलं असतं तर बघणाऱ्याला रडायची सोय झाली असती.

परत येऊन मी लेकीला म्हटलं, धून ठेव. दीर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मंडपवाल्याशी मीच भांडायचं म्हणून आपणहून आले. 'टायटॅनिक' जाऊबाईंच्या शब्दाखातर काढलं, त्यांचंही एक ऐकायला हवं होतं. वॉल्ट्झ राहिला. 'बॉम्बे'ची बासरी पाहुणे जेवत असताना लावली आणि कुणाला दंगल आठवली नाही, दोन म्हाताऱ्यांनी तर ती भजनाची चाल आहे का म्हणून विचारलं. अक्षतांच्या वेळी उपाध्ये 'सावधान' म्हणाले आणि वाजंत्र्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणं गलका केला. तो मी मुद्दाम काढला नाही.

पाठवणीपुढं मात्र मी यादीत रेघ ओढली होती. साउंडवाला पोरगा पुन्हा पुन्हा विचारत होता. "काकू, रिकामं ठेवायचं? लोकांना वाटेल सिस्टीम बंद पडली."

"वाटू दे," मी म्हटलं.

साडेपाच वाजले होते, ऊन तिरकं झालं होतं. स्पीकर बंद झाल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो जनरेटर. मग मागं भांडी घासणाऱ्या बायकांचं बोलणं, कुणाच्या तरी बाळाची किरकिर, सासूबाईंचं "आवरा गं, दिवस मावळतोय." लेक आधी आजीच्या पाया पडली, मग माझ्या, मग आक्काच्या. आक्का मोठ्यानं रडत होती, अगदी गावाकडच्या बायका रडतात तशी. दिरांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि साउंडवाल्याकडं हात केला. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको.